डायलिसिसवर असताना दिवस राहिले तर...

‘डायलिसिसवरच्या बाईला आता कसले दिवस राहणार?’ हे वाक्य घरात, डायलिसिस केंद्रात, कधी कधी दवाखान्यातही ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरातील संप्रेरकांचा मेळ बिघडतो. प्रोलॅक्टिनची पातळी वाढते, दरमहा बीज सुटण्यासाठी मेंदूकडून जो इशारा यावा लागतो तो नीट येत नाही, पाळी अनियमित होते किंवा बंद पडते. त्यामुळे गर्भधारणेची शक्यता निरोगी स्त्रीच्या तुलनेत खूप कमी असते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. डायलिसिस चांगले होऊ लागले, एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन वर आले, की अनेक तरुण स्त्रियांची पाळी परत येते. बीज तर पाळी येण्याआधी सुटते. म्हणजे कित्येक महिने पाळी नसलेल्या स्त्रीलाही दिवस राहू शकतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी या पट्ट्यातल्या डायलिसिस केंद्रांत वयस्क मधुमेही रुग्णांच्या शेजारच्या खाटांवर विशी-तिशीतल्या स्त्रियाही असतात. कुणाला ल्युपससारखा आजार असतो, कुणाच्या मूत्रपिंडाच्या गाळण्यांना सूज येऊन त्या गेलेल्या असतात, कुणाला लहानपणापासून लघवी उलटी चढण्याचा दोष असतो, तर कुणाची मूत्रपिंडे आधीच्या बाळंतपणातल्या रक्तस्रावात किंवा जंतुसंसर्गात गेलेली असतात. यांतल्या कित्येकींचे नुकतेच लग्न झालेले असते. त्यांना मूल हवे असते, किंवा घरच्यांना हवे असते, किंवा कुणी काही ठरवलेलेच नसते आणि दिवस राहतात. अशा वेळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काय केले जाते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

निदान उशिरा का होते?

गरोदरपणाची पहिली लक्षणे आणि मूत्रपिंड निकामी झाल्याची लक्षणे एकमेकांसारखीच असतात. मळमळ, उलट्या, थकवा, अन्नावरची वासना जाणे, पाळी चुकणे. डायलिसिसवरच्या स्त्रीला यातले काही ना काही रोजच होत असते. त्यामुळे तिला शंका येत नाही आणि तपासणाऱ्यालाही सुचत नाही.

घरगुती चाचणीही इथे फारशी उपयोगी पडत नाही. अनेक रुग्णांना लघवी होतच नाही. रक्तातील बीटा-एचसीजी या संप्रेरकाची तपासणी करता येते, पण ते काही अंशी मूत्रपिंडांतून बाहेर पडणारे असल्यामुळे गर्भ नसतानाही त्याची पातळी किंचित वाढलेली दिसू शकते. उलट, पातळी जास्त दिसली म्हणून ‘हे मूत्रपिंडामुळेच असेल’ असे म्हणून सोडून दिले, तर खरा गर्भ नजरेतून सुटतो. म्हणून शंका आली की सोनोग्राफी करून गर्भ आहे की नाही आणि किती आठवड्यांचा आहे हे पाहावे.

एक खूण मात्र डायलिसिस केंद्रातल्या डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना लक्षात ठेवता येईल. एरवी स्थिर असलेले हिमोग्लोबिन तरुण स्त्रीमध्ये कारणाशिवाय खाली येऊ लागले आणि तेवढ्याच इंजेक्शनांना दाद देईनासे झाले, तर रक्तस्राव आणि संसर्गाबरोबर गर्भधारणेचाही विचार करावा.

तासांचे गणित

आठवड्यात १६८ तास असतात आणि निरोगी मूत्रपिंडे हे सगळे तास काम करतात. डायलिसिसचे यंत्र तेच काम आठवड्याला तीनदा चार-चार तास, म्हणजे १२ तासांत उरकते. आपल्याकडे पैशांमुळे किंवा जागेअभावी पुष्कळ रुग्णांना आठवड्याला दोनच बैठका मिळतात. ते झाले आठ तास. प्रौढ माणूस एवढ्यावर तग धरतो. वाढणाऱ्या गर्भाला ते पुरत नाही. आईच्या रक्तातला युरिया वार ओलांडून गर्भाच्या रक्तात जातो, आणि दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत तो चढतो तेव्हा गर्भही त्याच रक्तावर वाढत असतो.

या विषयाचा इतिहास हेच सांगतो. नियमित डायलिसिसवर असलेल्या स्त्रीची यशस्वी प्रसूती झाल्याची नोंद १९७१ मध्ये इटलीतील व्हेरोना येथील डॉ. कॉन्फोर्तिनी आणि सहकाऱ्यांनी केली. ते यश लगेच सर्वांच्या वाट्याला आले नाही. १९८० मध्ये युरोपातील डायलिसिस नोंदवहीचा जो अहवाल आला, त्यात पुढे चालू ठेवलेल्या गर्भारपणांपैकी जेमतेम २३ टक्क्यांत मूल वाचले होते. त्या काळात बहुतेक डॉक्टर गर्भपाताचाच सल्ला देत, आणि आकडे पाहता तो अगदी चुकीचाही नव्हता.

पुढे चित्र पालटले ते मुख्यतः डायलिसिसचे तास वाढवल्यामुळे. कॅनडातील टोरंटो येथे काही रुग्ण घरीच रात्रभर झोपेत डायलिसिस घेत असत. त्यांच्यातल्या काहींना दिवस राहिले आणि त्यांची मुले चांगली वाढली. २०१४ मध्ये तिथल्या २२ गर्भारपणांची तुलना अमेरिकेतल्या ७० गर्भारपणांशी करण्यात आली. टोरंटोत सुमारे ८६ टक्के वेळा जिवंत मूल जन्मले, अमेरिकेत सुमारे ६१ टक्के. टोरंटोतली बाळंतपणे साधारण ३६व्या आठवड्याच्या आसपास झाली, अमेरिकेतली २७व्या. दोन्हीकडच्या रुग्णांची तासांनुसार विभागणी केल्यावर फरक आणखी स्पष्ट झाला. आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी डायलिसिस मिळालेल्यांत ४८ टक्के, तर ३६ तासांहून अधिक मिळालेल्यांत ८५ टक्के वेळा मूल जिवंत जन्मले.

हे आकडे थोड्या रुग्णांचे आहेत आणि टोरंटोतल्या स्त्रियांना इतर सोयीही उत्तम होत्या, हे खरे. पण जगभरातले अनुभव एकाच दिशेने जातात. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पावलोचे आहे. तिथे घरी नव्हे तर रुग्णालयातच आठवड्याचे सहा दिवस डायलिसिस दिले गेले. आठवड्याचे एकूण तास टोरंटोपेक्षा बरेच कमी होते, पण रोज तपासून, रक्ताचे अहवाल आणि वजन पाहून तास ठरवले जात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ५२ गर्भारपणांच्या अभ्यासात ८७ टक्के वेळा यश आले. रोज डायलिसिस आणि रोज लक्ष, या दोन गोष्टी गर्दीच्या सार्वजनिक व्यवस्थेतही साधू शकतात, असे हा अनुभव सांगतो.

तास मोजण्यासाठी रक्तातला युरिया ही हाताशी असलेली पट्टी आहे. ब्रिटनमधील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर रुग्णाचा डायलिसिसपूर्वीचा युरिया डेसिलिटरला साधारण ७५ मिलिग्रॅमच्या खाली राहावा. इथे एक घोटाळा टाळायला हवा. काही प्रयोगशाळा ‘युरिया’ छापतात, काही ‘बीयूएन’. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो, म्हणजे ७५ युरिया हा सुमारे ३५ बीयूएन. अहवालावर काय छापले आहे हे न पाहता आकडा वाचला तर डायलिसिस पुरेसे होते आहे असा खोटा दिलासा मिळतो. ज्या स्त्रीला अजून बऱ्यापैकी लघवी होते, तिची स्वतःची मूत्रपिंडे थोडा हातभार लावतात. तिला कमी तास पुरू शकतात.

पथ्य उलटे होते

डायलिसिसच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते: पाणी मोजून, फळे नकोत, डाळ कमी, दूध कमी. गरोदरपणात रोज डायलिसिस सुरू झाले की यातले बरेच नियम सैल करावे लागतात, आणि घरातल्यांना ते पटवणे कठीण जाते.

रोजच्या डायलिसिसमध्ये कचऱ्याबरोबर उपयोगी पदार्थही वाहून जातात. त्यामुळे प्रथिने वाढवावी लागतात, साधारण वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दीड ते पावणेदोन ग्रॅम, आणि त्यात बाळासाठी आणखी थोडी भर. वरण घट्ट हवे, उसळी, दूध-दही, पनीर, चालत असतील तर अंडी, मासे आणि चिकन हवे. पोटॅशियम आणि फॉस्फरस खाली जाऊ लागतात, मग फळांवरची बंदी उठते आणि फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या अनेकदा थांबवाव्या लागतात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात म्हणून त्यांची मात्रा वाढवतात. फॉलिक अ‍ॅसिड रोज पाच मिलिग्रॅम देतात. हे सगळे मात्र तेव्हाच, जेव्हा डायलिसिस खरोखर वाढलेले असते. आठवड्याला दोनच बैठका चालू ठेवून ‘गरोदर आहेस, नारळपाणी पी’ असे सांगणे धोक्याचे आहे. वाढलेल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकते. उपवासही टाळावेत. दिवसभर पोट रिकामे आणि मग बटाटा, शेंगदाणे, रताळी यांचा मारा, हे दोन्ही तिला मानवणारे नाही.

औषधांची यादी पहिल्याच भेटीत नव्याने लिहावी लागते. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावात शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते त्या गर्भाला अपायकारक आहेत. त्यांच्या जागी मिथाइलडोपा, लॅबेटलॉल, निफेडिपिन ही गरोदरपणात दीर्घकाळ वापरलेली औषधे देतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सहसा थांबवतात. हिमोग्लोबिनसाठीचे एरिथ्रोपोएटिन वार ओलांडत नाही, ते सुरक्षित असते आणि त्याची मात्रा बहुतेक वेळा वाढवावीच लागते. डायलिसिसच्या वेळी वापरले जाणारे हेपॅरिनही गर्भापर्यंत जात नाही. गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचा धोका कमी करण्यासाठी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये, पण दिवस राहिल्याचे कळल्यावर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, पुढच्या महिन्याच्या तपासणीची वाट पाहू नये.

वजनातले बाळ किती आणि पाणी किती?

प्रत्येक डायलिसिस रुग्णाचे एक ‘ड्राय वेट’ ठरलेले असते. बैठकीनंतर जादा पाणी काढून रुग्णाला त्या वजनावर आणायचे असते. गरोदरपणात हे वजनच हलते. पहिल्या तिमाहीत एकूण दीडेक किलो, त्यानंतर आठवड्याला तीनशे ते पाचशे ग्रॅम ही वाढ बाळ, वार, गर्भजल आणि आईचे वाढलेले रक्त यांची असते. जुनेच वजन धरून पाणी ओढत राहिले तर रक्तदाब कोसळतो आणि वारेचा रक्तपुरवठा तुटतो. फार ढिले सोडले तर आईच्या फुप्फुसात पाणी होते. म्हणून दर आठवड्याला नव्याने ड्राय वेट ठरवावे लागते. रोज बैठक असेल तर एका वेळी थोडेच पाणी काढावे लागते, आणि म्हणूनही रोजचे डायलिसिस मानवते. विसाव्या आठवड्यानंतर बैठकीत उताणे न झोपता डाव्या कुशीवर कलून झोपावे, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा दाब येत नाही.

यंत्रातल्या द्रावणातही बदल होतो. गरोदर स्त्रीचा श्वासच किंचित जलद असतो आणि रक्तातले बायकार्बोनेट नैसर्गिकरीत्या कमी असते. त्यामुळे नेहमीचे बायकार्बोनेट जास्त होते. पोटॅशियम थोडे जास्त असलेले द्रावण लागते. कधी कधी फॉस्फेटही घालावे लागते. म्हणजे ‘तेच यंत्र, फक्त जास्त वेळ’ एवढ्याने भागत नाही.

बाळाकडून मिळणाऱ्या सूचना

या गर्भारपणात सोनोग्राफी वारंवार करावी लागते. गर्भजल वाढलेले दिसले तर तो बहुतेकदा डायलिसिस अपुरे पडत असल्याचा इशारा असतो. कारण समजायला सोपे आहे. बाळाची मूत्रपिंडे निरोगी असतात. त्याच्या रक्तात युरिया जास्त झाला की तो बाहेर टाकताना ती पाणीही ओढून घेतात, बाळाला जास्त लघवी होते आणि बाळाची लघवी म्हणजेच गर्भजल. पाण्याने ताणलेले गर्भाशय वेळेआधी कळा देऊ लागते. अशा वेळी आधी डायलिसिसचे तास वाढवून पाहतात.

गर्भाशयमुख आखूड होत आहे का, हेही सोनोग्राफीत मोजले जाते, कारण दिवस भरण्याआधी बाळंतपण हा या स्त्रियांमधला सर्वांत मोठा धोका आहे. दुसरा धोका रक्तदाब वाढून होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचा. एरवी लघवीतले प्रथिन पाहून तो ओळखता येतो. इथे लघवीच नसते आणि रक्तदाब आधीपासूनच वाढलेला असतो. म्हणून बाळाची वाढ, वारेच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी, यकृताचे अहवाल आणि प्लेटलेट यांवर भर द्यावा लागतो. पहिल्या तिमाहीतल्या डाउन सिंड्रोमच्या रक्तचाचणीत संप्रेरकांची पातळी मूत्रपिंडांमुळे चुकीची येऊ शकते. तिच्यावर विसंबून घाबरून जाऊ नये, सोनोग्राफी जोडीला धरावी.

सर्व ठीक असेल तर ३७ आठवड्यांपर्यंत जाण्याचे ध्येय असते. डायलिसिस आहे म्हणून सिझेरियनच करावे असे नाही. तो निर्णय नेहमीच्या प्रसूतिशास्त्रीय कारणांवर होतो. बाळंतपणाच्या जागी एक गोष्ट ठळक लिहून ठेवावी: झटके टाळण्यासाठी दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते. या रुग्णाला ते नेहमीच्या मात्रेत चालू ठेवले तर साठून श्वास थांबू शकतो. म्हणून अनोळखी दवाखान्यात अचानक जाण्याची वेळ आली तरी ‘मी डायलिसिसवर आहे’ हे पहिले वाक्य असावे.

जन्मलेल्या बाळाचा युरिया आईइतकाच असतो. तो काढताना पहिल्या दिवसांत त्याला खूप लघवी होते आणि अंगातले पाणी कमी होऊ शकते. बाळ वजनाने चांगले दिसले तरी त्याला नवजात अतिदक्षता विभागाच्या नजरेखाली ठेवावे. अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. आईचे डायलिसिस लगेच पुन्हा सुरू होते, त्यामुळे त्या तासांत बाळाकडे कोण पाहणार याची व्यवस्था आधी झालेली असावी.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हे कसे जमवायचे?

एका यंत्रावर दिवसाला चार-चार तासांच्या तीन शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १८ बैठका आणि ७२ तास होतात. आठवड्याला तीन बैठका घेणारे सहा रुग्ण त्या एका यंत्रावर सामावतात. गरोदर रुग्णाला ३६ तास द्यायचे ठरले तर अर्धे यंत्र तिचे होते आणि तीन रुग्णांची जागा जाते. जिथे प्रतीक्षायादी आहे तिथे हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. घरी डायलिसिसचा मार्ग कागदावर चांगला आहे. पण यंत्राला ताशी साधारण ३० लिटर शुद्ध केलेले द्रावण लागते, ३६ तासांचे झाले हजार लिटरहून अधिक, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारे पाणी वेगळे. सकाळी तासभर पाणी येणाऱ्या इमारतीतल्या वन रूम किचनमध्ये ते बसत नाही.

मधला मार्ग आहे तो रोज एक बैठक, आठवड्याला सहा दिवस, असा. त्याचे २० ते २४ तास होतात, दोन रुग्णांची जागा लागते, आणि युरिया पाहून गरजेप्रमाणे बैठक लांबवता येते. शेवटची शिफ्ट रात्री उशिरापर्यंत चालवता आली, तर दुसऱ्या कुणाचा वेळ न घेता तास वाढतात. एखाद्या केंद्रात अशी रुग्ण क्वचितच येते, आणि आली तरी सहा-सात महिन्यांसाठी. तेवढ्या काळापुरते शेजारच्या केंद्रांनी तिच्या बैठका वाटून घेतल्या तर हे अशक्य नाही.

अंतराचा प्रश्न तितकाच मोठा आहे. मूत्रपिंडविकार विभाग, प्रसूती विभाग आणि नवजात अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असलेली मोठी सार्वजनिक रुग्णालये बहुतेक मुंबईत आहेत: शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम, मुंबई सेंट्रलजवळचे नायर. कल्याण स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ५४ किलोमीटरवर आहे. सहाव्या महिन्यातल्या स्त्रीने रोज लोकलच्या गर्दीतून डायलिसिसला शीव-परळ गाठणे अमानुष आहे, आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत रिक्षाने जाणेही. म्हणून कामाची वाटणी करावी. रोजचे डायलिसिस घराजवळच्या केंद्रात. आठवड्या-पंधरवड्याची तपासणी मोठ्या रुग्णालयात. आणि बाळंतपणासाठी नाव तिथेच नोंदवलेले. अठ्ठावीस-तीस आठवड्यांनंतर त्या रुग्णालयाच्या जवळ राहण्याची सोय होत असेल तर उत्तम. दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात आणि फोनवर बोलतात, हे पहिल्याच महिन्यात घडवून आणायला हवे. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी गावी, माहेरी जाण्याची रीत इथे मोडावी लागते. माहेर मुरबाड-जव्हारकडे किंवा कोकणात असेल तर आईने लेकीकडे येऊन राहावे.

खर्चासाठी आधार आहेत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी राज्याची योजना डायलिसिसला लागू आहे. तिची आखणी नेहमीच्या बैठका धरून असते. म्हणून वाढीव बैठकांच्या मागणीत मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी गर्भधारणेचा स्पष्ट उल्लेख करावा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सुरुवातीलाच भेटावे. २०१६-१७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियन, रक्त आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत अशा स्त्रीची नोंद जोखमीची माता म्हणून करून घ्यावी.

ठेवायचे की नाही?

वरचे सगळे वाचून एखादी स्त्री ‘मला हे झेपणार नाही’ असे म्हणाली तर तिचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तास मिळण्याची शाश्वती नसेल, हृदय कमजोर असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा ल्युपस उसळलेला असेल, तर गर्भ वाढवणे तिच्या जिवावर बेतू शकते. कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही लागत नाही. जितका निर्णय लवकर, तितका धोका कमी.

मूल हवेच असेल आणि घाई नसेल, तर प्रत्यारोपणाची वाट पाहणे बहुतेकींना अधिक हिताचे असते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एडिथ हेल्म यांना बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी त्यांच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसवले आणि १९५८ मध्ये त्यांना मुलगा झाला. प्रत्यारोपणानंतरचे ते पहिले बाळंतपण. आज प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष, शक्यतो त्याहून थोडे अधिक थांबून, गर्भाला अपायकारक असलेले मायकोफेनोलेट आधीच बदलून घेऊन गर्भधारणेला परवानगी देतात. मुंबईसह ठाणे परिसरातील मेंदूमृत दात्यांच्या अवयवांची प्रतीक्षायादी मुंबईचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठेवते. डायलिसिस सुरू झाल्यावर तिथे नाव नोंदवायला उशीर करू नये.

इथे एक गुंता आहे, तो जोडप्याला आधी सांगायला हवा. गरोदरपणात आईच्या रक्तात बाळाच्या, म्हणजे अर्ध्या अंशी नवऱ्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पुढे नवऱ्यानेच मूत्रपिंड द्यायचे ठरवले तर ते जुळणे अवघड होऊ शकते. रक्त चढवल्यानेही असेच होते, म्हणून गरोदरपणात हिमोग्लोबिन शक्यतो इंजेक्शन आणि लोहाने राखतात. ज्या घरात नवरा हाच एकमेव दाता आहे, तिथे आधी प्रत्यारोपण की आधी मूल, हा विचार डॉक्टरांसमोर बसून व्हायला हवा.

लक्षात ठेवण्यासारखे

• डायलिसिसवरच्या प्रत्येक तरुण स्त्रीशी पाळी आणि गर्भनिरोधन यांबद्दल बोलावे. मूल नको असेल तर निरोध, तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनची साधने वापरता येतात. रक्तदाब असलेल्यांनी नेहमीच्या मिश्र गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

• पाळी चुकली किंवा हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरले, तर आठवड्याच्या आत तपासणी करावी.

• दिवस राहिल्याचे कळताच औषधांची यादी बदलून घ्यावी आणि डायलिसिस वाढवण्याची व्यवस्था सुरू करावी.

• डायलिसिस अजून सुरू झालेले नाही, पण मूत्रपिंडाचा आजार आहे अशांनीही सावध राहावे. गरोदरपणात क्रिएटिनिन नैसर्गिकरीत्या खाली, साधारण ०.४ ते ०.६ वर येते. अहवालात १.० हा आकडा ‘नॉर्मल’ रकान्यात दिसला तरी गरोदर स्त्रीत तो तपासून घेण्याजोगा असतो.

• डायलिसिसची फाइल, सध्याची औषधे, ड्राय वेट, रक्तगट आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन नंबर एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावेत. अचानक त्रास झाला तर १०८ला फोन करून रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना तो कागद दाखवावा.